नवा क्लच टाकला आणि पेडल मऊ पडलं: हवा काढत बसण्याआधी पट्टी लावा

पावसाळा संपला की चिपळूणच्या आमच्या गॅरेजात क्लचची कामं रांगेनं येतात. जांभ्याचे चिरे भरून चार महिने चिखलात अर्धा क्लच धरून चालवलेली पिकअप दसऱ्याच्या सुमारास कुंभार्ली घाट चढता चढता वास मारायला लागते. मग गिअरबॉक्स उतरतो, नवं किट पडतं, बॉक्स चढतो. मालक सीटवर बसून पेडल दाबतो आणि त्याच्या कपाळाला आठी पडते. "काय हो हे, पेडल लोण्यात गेल्यासारखं जातंय."

इथून पुढे बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. पोरगा सीटवर, मिस्त्री गाडीखाली, आणि दोन तास हवा काढणं, म्हणजे क्लचच्या ऑइल लाइनीत अडकलेली हवा बाहेर सोडणं. ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या संपतात, पेडल तसंच. मीही हे भरपूर केलंय. आता करत नाही. निप्पलला, म्हणजे हवा सोडायच्या पोकळ स्क्रूला, पाना लावण्याआधी खालच्या सिलिंडरचा रॉड किती सरकतो ते पट्टीनं मोजतो. त्या एका आकड्यावरून अर्धी शंका फिटते. कसं ते पुढे येईलच.

हे सगळं हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचबद्दल आहे. मारुती ८०० सारख्या केबलवाल्या गाड्यांचं वेगळं, त्यांच्यासाठी शेवटाकडे दोन ओळी आहेत.

मऊ म्हणजे कसं मऊ?

"मऊ" या एका शब्दात गिऱ्हाईक चार वेगवेगळ्या तक्रारी सांगतो. आधी त्या सुट्या करा.

पहिली, पेडल नुसतं हलकं लागतंय. गिअर मात्र नीट पडतात, क्लच बऱ्यापैकी उंचीवर सुटतो. ही तक्रारच नाही. क्लच प्लेट झिजत जाते तशा तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या डायाफ्रामच्या, म्हणजे चपट्या स्प्रिंगच्या पाकळ्या मागे, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला कलतात आणि त्यांना दाबायला जास्त जोर लागतो. हा बदल रोज थोडाथोडा होतो, त्यामुळे पाय सवयीनं तेवढा जोर लावत राहतो. नवं किट पडलं की पेडल एकदम हलकं होतं आणि माणूस दचकतो. अशा गाडीला हात लावू नका. पेडल हलकं आहे म्हणून चांगली भरलेली लाइन पुन्हा उघडून तिच्यात हवा घातलेली उदाहरणं मी पाहिली आहेत.

दुसरी, पेडल लिबलिबीत आहे. स्पंज दाबल्यासारखं, आणि दोन-चार वेळा पंप मारला की वर येतं, कडक होतं. ही हवेची खूण.

तिसरी, पेडल दाबून धरलं की पायाखाली हळूहळू खाली बसतं. इथे कुठलं तरी सील दाब धरत नाही.

चौथी, वरचं अर्धं अंतर पेडल अगदी पोकळ जातं आणि मग अचानक कडक लागतं. हवेनं असा एकदम फरक सहसा पडत नाही. कुठेतरी लोखंडाला लोखंड भेटायला उशीर होतोय: रॉडची सेटिंग, पेडलच्या पिनचं भोक, किंवा क्लच सोडवणारा काटा.

ऑइल जातं कुठे

पेडल वरच्या सिलिंडरचा, म्हणजे मास्टरचा पिस्टन ढकलतं. ऑइल पाइपातून खालच्या सिलिंडरला, म्हणजे स्लेव्हला जातं. तिथला रॉड काट्याला ढकलतो, काटा रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग पाकळ्यांना. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. सगळा खेळ एवढाच.

आता थोडा हिशोब करू. समजा मास्टरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ५/८ इंच, स्लेव्हचा ३/४ इंच, आणि मास्टरचा पिस्टन ३० मिलीमीटर सरकतो. क्षेत्रफळांच्या प्रमाणात स्लेव्हचा रॉड जवळपास २१ मिलीमीटर सरकायला हवा. एवढ्या सरकण्यासाठी ऑइल लागतं फक्त ६ मिलिलिटर. म्हणजे लाइनीत १ मिलिलिटर हवा राहिली, डोळ्यात टाकायच्या औषधाचे साधारण वीस थेंब होतील एवढी, तरी साडेतीन मिलीमीटर सरकणं गेलं. ब्रेकला एवढ्या हवेनं पेडल थोडं खाली जातं आणि गाडी तरीही थांबते. क्लचला एवढ्या हवेनं रिव्हर्स पडत नाही.

आणखी एक गोष्ट. जुना क्लच झिजलेला असताना मागे आलेल्या पाकळ्या बेअरिंग आणि काट्यामार्फत स्लेव्हचा पिस्टन सिलिंडरात आत रेटून ठेवतात. नवा क्लच बसला की पाकळ्या पुढे जातात आणि पिस्टन बाहेरच्या बाजूला येऊन काम करायला लागतो. बोअरच्या या तोंडाकडच्या भागात वर्षानुवर्षं धूळ आणि ओल साठून गंज धरलेला असतो, आमच्या कोकणात तर हमखास. जुनं रबर त्या गंजावरून घासलं की चार दिवसांत गळती सुरू. "क्लच टाकायच्या आधी सिलिंडर चांगला होता हो," असं गिऱ्हाईक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. म्हणून गिअरबॉक्स उतरलाच आहे तर खालच्या सिलिंडरचं बाहेरचं धूळरबर उलटून आत बघा, आणि बोअरला खड्डे दिसले तर नुसतं वॉशर किट न टाकता सिलिंडरच बदला. खड्डे पडलेल्या बोअरमध्ये नवं रबरही टिकत नाही.

पाना न उचलता होणाऱ्या तपासण्या

टाकीपासून सुरुवात करा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते आणि क्लचला जाणारी नळी मुद्दाम वरच्या पातळीवर काढलेली असते, म्हणजे ऑइल कमी झालं तर आधी क्लच जावा, ब्रेक नाही. त्यामुळे टाकी अर्धी दिसली, ब्रेक छान लागतोय, म्हणून ऑइल पुरेसं आहे असं समजू नका. नळीच्या तोंडाखाली पातळी गेली की क्लच हवा ओढायला लागतो. शिवाय मघाशी सांगितलं तसा नव्या क्लचमध्ये पिस्टन बाहेर येतो, तेवढं ऑइल टाकीतून खाली उतरतं. गळती नसतानाही पातळी थोडी घटते ती यामुळे.

मग डॅशबोर्डच्या खाली वाकून मास्टरचा रॉड जिथे भिंतीतून आत येतो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं, पेडलच्या दांड्यावर ओघळ दिसला, मॅटखालचा रंग फुगलेला दिसला, तर मास्टरचं मागचं सील गेलंय. गाडीखाली स्लेव्हचं धूळरबर किंचित उचला. एखादा थेंब पडला तर निदान झालं, पुढचं वाचायची गरज नाही.

काहीच ओलं नसेल तर दोन पायचाचण्या. इंजिन बंद ठेवून पेडल एकदा सावकाश दाबा आणि कुठे कडक लागतं ते लक्षात ठेवा. मग पाच-सहा वेळा भरभर दाबा. वर आलं तर हवा आहे, किंवा खालच्या रॉडला नको तेवढी मोकळीक आहे. आता तसंच दाबून मिनिटभर धरा. बाहेर गळती नसूनही पेडल खाली बसत असेल तर मास्टरच्या आतल्या सीलवरून ऑइल मागे टाकीत परततंय. अशा मास्टरवर किती तास हवा काढली तरी उपयोग नाही.

आता पट्टी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड, गिअर न्यूट्रल. खाली जायचं तर गाडी घोडीवर, म्हणजे पक्क्या लोखंडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

स्लेव्हच्या रॉडवर पांढऱ्या रंगाची किंवा पांढऱ्या खडूची बारीक रेघ मारा. स्टीलची पट्टी सिलिंडरच्या तोंडाला टेकवा. वरच्या माणसाला पेडल एकदाच, सावकाश, तळापर्यंत दाबायला सांगा. पंप मारायचा नाही. रेघ किती सरकली ते लिहा. मग पाच पंप मारून पुन्हा मोजा.

आकडा किती हवा ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात सापडतं. पुस्तक नसेल तर वर केला तसा हिशोब करा: दोन्ही सिलिंडरांचे बोअर बहुतेक वेळा अंगावरच ओतलेले किंवा ठोकलेले असतात, आणि मास्टरचा रॉड किती सरकतो ते डॅशबोर्डखाली मोजता येतं. मग तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिल्या दाबाला ११ आणि पाच पंपांनंतर १८ आलं तर हवा आहे. हवा काढा, काम होईल.

दोन्ही वेळा सारखंच, पण हिशोबापेक्षा कमी आलं, तर हवेच्या मागे लागू नका. वर रॉडची सेटिंग, घासलेली पिन किंवा चुकीचा सिलिंडर आहे.

दोन्ही वेळा पूर्ण आलं आणि तरी गिअर कडकडत असेल, तर ऑइलचा भाग निर्दोष आहे. दोष हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या आत. हे कळायला दहा मिनिटं लागतात. दोन तास हवा काढून हे कळत नाही.

रबरी नळी असेल तर आणखी एक युक्ती आहे. नळी दाबायचा गोल जबड्याचा चिमटा मिळतो, तो खालच्या नळीला लावा आणि पेडल दाबा. पेडल वरच दगडासारखं थांबलं तर मास्टर आणि तिथपर्यंतचा पाइप ठीक, दोष चिमट्याच्या पुढे. तरीही मऊ राहिलं तर दोष चिमट्याच्या वर. साध्या पक्कडीनं नळी दाबू नका, आतून चिरते. प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या जाळीच्या नळीला तर चिमटाही नको.

हवा काढायची तर अशी

ऑइल कुठलं ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. सीलबंद बाटली फोडा. गेल्या पावसाळ्यापासून कपाटात अर्धी पडलेली बाटली वापरू नका. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून थेंबभर जरी गेलं तरी रबरं फुगतात आणि वरपासून खालपर्यंत सगळं बदलावं लागतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, पुसत बसू नका. डोळ्यांना चष्मा लावा. निप्पलच्या खाली तोंड करून झोपल्यावर याची किंमत कळते.

आता माझीच एक चूक सांगतो. काही स्लेव्ह सिलिंडरांना दोन भोकं असतात, एक नळीचं आणि एक निप्पलचं, आणि दोघांचे आटे सारखे. एका पिकअपला मी नवा सिलिंडर लावला तेव्हा नळी वरच्या भोकात आणि निप्पल खालच्या भोकात बसवलं. दिसायला छान, नळीचं वळणही सोयीचं. मग पोरगा वर, मी खाली. "दाबलं?" "दाबलं." "धर." पाना पाव फेरा. काचेसारखं स्वच्छ ऑइल, एक बुडबुडा नाही. "सोड." असं चाळीसेक वेळा. खाली एकही बुडबुडा नाही आणि वर पेडल लिबलिबीतच. संध्याकाळी चहा पिताना लक्षात आलं की हवा वर जाते आणि मी ती खालच्या भोकातून मागतोय. निप्पल आणि नळीची अदलाबदल केली, चौथ्या दाबाला फुर्र करून फेस आला आणि पेडल जागेवर. तेव्हापासून निप्पल सिलिंडरच्या सगळ्यात वरच्या टोकाला आहे ना, हे आधी बघतो. नसेल आणि बसवायची जागाच तशी असेल, तर सिलिंडरचे दोन बोल्ट काढून तो हातात निप्पल वर करून धरतो आणि हवा काढतो. मात्र तेव्हा पिस्टन बाहेर पडू नये म्हणून रॉड शिकंजात किंवा जाड तारेनं बांधून ठेवा.

पायऱ्या अशा.

१. टाकी काठोकाठ भरा, झाकण सैल ठेवा. निप्पलवर पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवा. निप्पल अर्धा फेरा उघडून सोडून द्या. पेडलला हात लावू नका. दहा-पंधरा मिनिटांत ऑइल स्वतःच्या वजनानं उतरतं आणि मोठी हवा घेऊन जातं. घाईत ही पायरी लोक गाळतात. माझ्या मते सगळ्यात स्वस्त पायरी हीच. टाकी मात्र रिकामी होऊ देऊ नका.

२. निप्पल बंद. आता दोघांनी मिळून: पेडल सावकाश तळापर्यंत, निप्पल पाव फेरा उघडा, ऑइल येऊ द्या, निप्पल बंद, मगच पेडल सोडा, तेही सावकाश. धाडधाड पंप मारल्यानं मोठ्या बुडबुड्याचे हजार बारीक बुडबुडे होतात आणि ते खाली उतरायला तयार नसतात. तसं झालंच असेल तर अर्धा तास थांबा. दर पाच-सहा दाबांना टाकी बघा. पेडल वर येत नसेल तर पायाच्या पंज्यानं हलकेच वर ओढा.

३. एवढ्यानं झालं नाही तर सिलिंडर सोडवा, नळीचं तोंड वर येईल असा धरा आणि रॉड हाताच्या तळव्यानं सावकाश आत दाबा. पेडल पूर्ण वर असायला हवं, तरच मास्टरमधून टाकीकडे परतीचं बारीक छिद्र उघडं राहतं. टाकीत बघणाऱ्याला बुडबुडे दिसतील. मग रॉड हळू बाहेर येऊ द्या, पुन्हा दाबा. आठ-दहा वेळा. एकटा माणूस असेल तर हीच पद्धत उत्तम. पिस्टन पूर्ण बाहेर निसटणार नाही एवढं सांभाळा.

४. नवा मास्टर लावला असेल तर हवा बहुधा वरच अडकलेली असते. कित्येक गाड्यांत मास्टर नाक वर करून तिरका बसतो आणि पाइप त्या नाकातून निघतो. हवा नाकात बसून राहते. खालून किती काढा, ती उतरत नाही. मास्टर लावण्याआधी शिकंजात आडवा धरून, ऑइल भरून, बोटानं तोंड दाबत-सोडत भरून घ्या. लावून झालाच असेल तर पाइपाच्या नटाभोवती भरपूर चिंध्या गुंडाळा, पेडल दाबायला सांगा, नट जरासा ढिला करा, फुसफुस होईल, आवळा. तीन-चार वेळा. गाडीचं नाक किंवा शेपूट जॅकवर उचलूनही ती हवा टाकीकडे वळवता येते. पाइपाला मध्ये कुठे कमान असेल, म्हणजे वर जाऊन खाली उतरत असेल, तर तिथेही हेच दुखणं.

५. खालून वर भरणं. मोठी सिरिंज किंवा तेलाची कुपी निप्पलला जोडून ऑइल खालून वर ढकलायचं. हवेची जायची दिशा तीच, म्हणून हट्टी लाइनीत हे पटकन जमतं. आधी टाकीतलं ऑइल अर्धं काढा, नाहीतर रंगावर ओतलं जाईल. जुना गाळ असलेल्या लाइनीत हे करू नका, सगळी घाण मास्टरच्या रबराकडे जाते.

हवा ओढणाऱ्या पंपाबद्दल एक सूचना: नळीत बुडबुडे येतच राहिले तर घाबरू नका, निप्पलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते. आट्यांना थोडं ग्रीस लावून बघा. आणि पेडल रात्रभर काठीनं दाबून ठेवायचा जो सल्ला मिळतो त्यावर माझा फारसा विश्वास नाही. पेडल दाबलेलं असताना परतीचं छिद्र बंद असतं, हवा टाकीत जाणार कुठून? त्यापेक्षा पेडल वर आणि झाकण सैल ठेवून रात्र जाऊ द्या.

हवा नाही, तरी सरकणं कमी

मास्टरचा रॉड आणि पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक लागते, पेडलच्या पाट्यावर साधारण ५ ते १५ मिलीमीटर जाणवेल एवढी. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. जास्त असेल तर तेवढं सरकणं वाया. अजिबात नसेल तर परतीचं छिद्र उघडत नाही, लाइनीत दाब साठतो आणि गाडी तापली की क्लच घसरतो. पेडल मऊ वाटतं म्हणून रॉड पुढे-पुढे फिरवत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं; महिन्याभरात नवी प्लेट जळते.

पेडल आणि रॉड जोडणारी पिन काढून बघा. भोक अंडाकृती झालेलं असतं. इथला दीड-दोन मिलीमीटर घास पेडलच्या पाट्यावर कितीतरी पट मोठा होऊन दिसतो. पेडल दाबताना मास्टर ज्या पत्र्यावर बसलाय तो पत्रा आत-बाहेर होतोय का, तेही बॅटरीच्या उजेडात बघा. गंजलेला पत्रा लवतो आणि सगळा दोष सिलिंडरवर जातो.

रबरी नळी मुठीत धरा आणि पेडल दाबायला लावा. फुगलेली जाणवली तर बदला.

आणि बोअर. दुकानातून "तोच हो, बसतो" म्हणून आलेला ३/४ ऐवजी १३/१६ इंचाचा स्लेव्ह दिसायला भाऊ-भाऊ असतो. वरच्याच हिशोबात रॉडचं सरकणं २१ वरून १८ च्याही खाली येतं. पेडल हलकं, मऊ, छान लागतं आणि पहिला गिअर पडत नाही. जुना सिलिंडर भंगारात टाकण्याआधी दोघांवरचे आकडे ताडून बघा.

सरकणं पूर्ण, गिअर तरी नाही

इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. समोर-मागे माणूस नको. कडकड वाजलं तर प्लेट सुटत नाही.

काट्याचं रबर काढून बॅटरीनं आत डोकवा. बॉक्स चढवताना काटा ज्या गोळ्यावर टेकून हलतो त्यावरून निसटलेला असू शकतो, किंवा बेअरिंगची क्लिप एकाच बाजूला अडकलेली. काटा तिरका जात असेल तर बॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. गोळा झिजून चपटा झाला असेल तर पेडलला चौथ्या प्रकारचा पोकळपणा येतो. नव्या किटबरोबर तो बदलायचा राहून गेलेला असतो.

प्लेट उलटी बसवणं ही चूक नवशिक्याचीच असते असं नाही. फ्लायव्हीलकडची, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाकडची बाजू प्लेटवर लिहिलेली असते, पण शाई पुसट असते आणि हात काळे. उलट्या प्लेटचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि क्लच सुटतच नाही, पेडल कितीही चांगलं असो. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडेथोडे न आवळता एका बाजूनं आवळले तर पाकळ्या वरखाली राहतात. फ्लायव्हील लेथवर तासलं असेल तर विचारा किती तासलं. तेवढा सगळा क्लच बेअरिंगपासून लांब गेला. पायरीवालं फ्लायव्हील असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवाव्या लागतात. बॉक्स उघडलाच तर आतली भुकटी हवेच्या झोतानं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

सिलिंडर बेअरिंगबरोबरच असेल तर

काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, बेअरिंगसकट आतच असतो. तिथे पट्टी लावता येत नाही, काटाही नाही. इथे एकच नियम घोकून ठेवा: बॉक्स जागेवर बसून आवळला जाईपर्यंत पेडलला कोणीही पाय लावायचा नाही. समोर पाकळ्यांचा आधार नसताना पेडल दाबलं की पिस्टन हद्दीबाहेर जातो आणि सील फाटतं. मी अशा गाडीच्या पेडलखाली लाकडाचा ठोकळा घालतो आणि स्टिअरिंगला चिंधी बांधतो. या सिलिंडराच्या गळतीचं ऑइल हाउसिंगच्या खालच्या भोकातून ठिबकतं, आणि प्लेटही भिजवतं. क्लच बदलताना हा सिलिंडर बरोबरच बदलावा. पैसे जातात, पण बॉक्स दुसऱ्यांदा उतरवायची मजुरी त्याहून जास्त.

घाटात मऊ, सपाटीला ठीक

सकाळी चांगलं आणि कुंभार्लीच्या अर्ध्यावर लिबलिबीत, असं असेल तर ऑइल उकळतंय. नव्या डॉट ३ ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी प्यालेल्याचा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. बॉक्स काढताना पाइपाची पत्र्याची क्लिप काढलेली असते आणि ती टूलबॉक्समध्येच राहून जाते. मग पाइप सायलेन्सरला टेकतो. क्लिप लावा, उष्णतेचा पत्रा असेल तर तो परत बसवा आणि सगळं ऑइल बदला.

केबलच्या गाडीत मऊ पेडल म्हणजे बहुतेक वेळा केबलचं आवरण खाचेत नीट बसलेलं नाही, ॲडजस्टर जुन्याच जागी आहे, किंवा केबलच्या तारा आतून सुटत चालल्यात. तिथे हवा काढायला काही नाही. नवी केबल टाका, मोकळीक पुस्तकाप्रमाणे लावा.

गाडी सोडताना टाकीवर आजच्या पातळीची रेघ मारकरनं मारा आणि गिऱ्हाईकाला दाखवा. आठवड्यानं येऊन दोघांनी मिळून बघायची. पहिल्या एक-दोन दिवसांत किंचित उतरली आणि मग थांबली तर काळजी नाही. रोज उतरत असेल तर पुन्हा डॅशबोर्डखाली बोट घाला आणि स्लेव्हचं रबर उचला.